घरोघरीं मातीच्या चुली

“घरोघरीं मातीच्या चुली” ही म्हण आपण वापरतों ती दुसऱ्याच अर्थानें. कोणाच्या घरीं भांडण झालें, कोणाचा मुलगा परीक्षेंत नापास झाला, कीं शेजारीण सुस्कारा टाकून ही म्हण म्हणते आणि विषय तेथेंच संपतो. परंतु तिचा शब्दशः अर्थ घेतला, तर ती आजहि पृथ्वीवरील एका फार मोठ्या लोकसमूहाची वस्तुस्थिति सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सुमारें २१० कोटि माणसांचा स्वयंपाक अद्यापि लांकूड, गोवऱ्या, पिकांचीं धसकटें, कोळसा किंवा घासलेट यांवर, उघड्या अथवा सदोष चुलींत होत असतो. या धुरापायीं २०२० सालीं सुमारें ३२ लक्ष माणसें अकालीं मृत्यु पावलीं, आणि त्यांत पांच वर्षांच्या आंतील २ लक्ष ३७ हजारांहून अधिक बालकें होतीं.

या लेखांत चुलीच्या यंत्ररचनेविषयीं लिहिण्याचा माझा हेतु नाहीं. कमी धुराची चूल मनुष्यानें केव्हांच शोधून काढली. मुळींच धूर न करणारें इंधनहि त्याला ठाऊक आहे. येथें विचार करावयाचा तो एका निराळ्याच कोड्याचा. चांगली वस्तु दाराशीं आणून ठेविली असतांहि माणूस ती घेत कां नाहीं? घेतली तर वापरीत कां नाहीं? आणि वापरूं लागला तरी जुनी वस्तु टाकून कां देत नाहीं? कापड, साबण, चहा विकणारे व्यापारी हा विचार फार पूर्वींपासून करीत आले आहेत, कारण त्यांत त्यांचा नफा आहे. लोकांचें आरोग्य आणि रानांतील झाडें यांच्या हितासाठीं हाच विचार शास्त्रीय पद्धतीनें करण्याचा प्रघात मात्र त्या मानानें नवा आहे. आणि चुलीइतकें त्याचें बोधप्रद उदाहरण मला तरी दुसरें माहीत नाहीं.

प्रथम धुराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लांकूड पूर्णपणें जळलें तर त्यांतून मुख्यत्वें कार्बन डायऑक्साइड वायु व पाण्याची वाफ एवढेंच बाहेर पडेल. पण तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलींत हवा सर्वत्र सारखी पोंचत नाहीं, सरपण ओलें असतें, आणि जाळ तव्याच्या थंड बुडाला लागून मध्येंच विझतो. त्यामुळें लांकूड अर्धवट जळतें आणि कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखीं विषारी द्रव्यें व काजळीचे अतिसूक्ष्म कण हवेंत मिसळतात. यांपैकीं अडीच मायक्रॉनहून लहान असलेले कण विशेष घातक होत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केंस साधारणपणें ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती बारीक असतील याची कल्पना करावी. नाकांतील केंसांना व घशांतील ओलाव्याला चुकवून ते थेट फुफ्फुसांच्या तळाशीं जातात. लहान मुलांस न्यूमोनिया, मोठ्यांस दमा व श्वासनलिकेचे जुनाट विकार, फुफ्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदु, इतक्या व्याधींशीं या धुराचा संबंध वैद्यकानें जोडला आहे. घरांतील भिंती काळ्या झालेल्या आपणांस दिसतात. छातीच्या आंतील भिंती दिसत नाहींत, एवढाच भेद.

ही गोष्ट प्रथम मोजली कोणी? आश्चर्य असें कीं, शहरांतील गिरण्यांचा व मोटारींचा धूर मोजण्यांत पाश्चात्य शास्त्रज्ञ कित्येक वर्षें गुंतले असतां खेड्यांतील स्वयंपाकघरांत यंत्र नेण्याचें कोणाच्या फारसें मनांत आलें नव्हतें. १९८१ सालीं कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानें कांहीं भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजराथेंतील खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा शोषून घेणारीं लहान यंत्रें अडकवून मोजणी केली. दर घनमीटर हवेंत जवळजवळ ७ मिलिग्रॅम धुळीचे कण आढळले. आज जागतिक आरोग्य संघटनेनें (२०२१ सालापासून) अडीच मायक्रॉनखालील कणांची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे, आणि मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग. गुजराथेंतील मोजणी सर्व आकारांच्या कणांची व केवळ स्वयंपाकाच्या वेळेपुरती होती, म्हणून हे दोन आंकडे एका तागडींत घालतां येत नाहींत हें खरें. तथापि हजारांची तफावत अशा बारकाव्यांनीं भरून निघत नाहीं. स्मिथ यांनीं पुढें २०२० सालीं मृत्यु येईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षें हाच विषय धरून ठेविला.

धुराची मोजणी नवी असली तरी धुराचा कंटाळा नवा नाहीं. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडींत १९४० च्या दशकांत ‘मगन चूल’ तयार झाली होती. हैदराबादेच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेंतील एस. पी. राजू यांनीं १९५० च्या दशकांत धुराडें असलेली मातीची चूल तयार केली व कोट्यवधि लोकांच्या निर्धूर स्वयंपाकघरांविषयीं एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती मद्रासच्या ख्रिस्ती साहित्य मंडळानें छापून प्रसिद्ध केली. पुढें १९८३ सालीं भारत सरकारनें सुधारलेल्या चुलींची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. २००२ सालीं ती बंद होईपर्यंत सुमारें साडेतीन कोटि चुली देशांत वांटल्या गेल्या. त्याच सुमारास चीनमध्यें दहा कोटींहून अधिक चुली बसविण्यांत आल्या.

साडेतीन कोटि! एवढ्या चुली गेल्या कोठें? ज्यांनीं गांवोगांव जाऊन तपास केला त्यांना पुष्कळ ठिकाणीं असें दिसलें कीं, कोठें धुराडें काजळीनें बुजलेलें, कोठें चूल भेगाळलेली, कोठें तिच्यावर कोंबडीचें खुराडें, आणि शेजारीं जुनी चूल वैलासह पूर्ववत् पेटलेली. सरकारी दफ्तरांत चुली बसविल्याची नोंद होती. त्या पेटल्याची नोंद ठेवावी असें कोणास वाटलें नव्हतें. आपल्या प्रांतांत कांहींसा निराळा मार्ग चोखाळला गेला, तो नमूद केला पाहिजे. डॉ. आनंद कर्वे व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं पुण्यास स्थापिलेली, ‘आरती’ या संक्षिप्त नांवानें ओळखली जाणारी संस्था उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामाबद्दल २००२ सालीं ॲश्डेन पारितोषिक मिळवून गेली. तिनें चुलींच्या बाबतींत खेड्यांतील कुंभार व लहान कारागीर यांस शिकवून, साचे देऊन, ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ अशा नांवांच्या चुली त्यांच्याच हातून करवून विकण्याचा क्रम ठेविला. नांवें कोणी निवडलीं तें मला ठाऊक असतें तर त्याचें अभिनंदन केलें असतें, कारण विकणाऱ्याला घेणाऱ्याचें मन कळतें तें असें.

आतां या अपयशाचें कारण काय? शहरांत बसून उत्तर देणें सोपें असतें. “खेडवळ लोक अडाणी, त्यांना आरोग्य कळत नाहीं, बायका जुन्याला चिकटून बसतात.” असलें बोलणें मीं सुशिक्षितांच्या तोंडून अनेकदां ऐकलें आहे, आणि तें मला नेहमीं उथळ वाटलें आहे. जी बाई अर्धा पैसाहि वांचविण्यासाठीं बाजारांत चार दुकानें फिरते, ती चुलीच्या बाबतींतच एकाएकीं निर्बुद्ध कशी होईल? येथें शास्त्राची गरज लागते. निंदा करणें निराळें आणि कारण शोधणें निराळें.

कारण शोधण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. विद्यार्थ्यांनीं ती नीट समजून घ्यावी. समजा, नवी चूल घेणाऱ्या शंभर घरांची व न घेणाऱ्या शंभर घरांची आपण तुलना केली, आणि पहिल्या घरांतील मुलें अधिक निरोगी निघालीं. हा चुलीचा गुण म्हणतां येईल काय? मुळींच नाहीं. चूल घेणारीं घरें बहुधा अधिक सधन असतील, आई शिकलेली असेल, घराला खिडकी असेल. मुलांची प्रकृति या गोष्टींमुळेंहि सुधारली असेल. म्हणून संशोधक सोडत काढतात. सर्वांच्या नांवांच्या चिठ्ठ्या करून, ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांना चूल आधीं, इतरांना मागाहून. चिठ्ठीला श्रीमंत-गरीब कळत नाहीं. त्यामुळें दोन्ही गट इतर सर्व बाबतींत सरासरीनें सारखे होतात आणि मग जो फरक पडेल तो चुलीचाच समजतां येतो. औषधांची परीक्षा वैद्यक अशीच करतें. दारिद्र्याच्या प्रश्नांना ही रीत लावल्याबद्दल एस्थर डुफ्लो, अभिजित बॅनर्जी व मायकेल क्रेमर या तिघांस २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

याच डुफ्लोबाईंनीं रेमा हॅना व मायकेल ग्रीनस्टोन यांच्यासह ओरिसांतील ४४ गांवांत, ‘ग्राम विकास’ या संस्थेच्या मदतीनें, अडीच हजारांहून अधिक कुटुंबांमध्यें चुलींची अशी सोडत काढली. चूल मातीची, धुराडें असलेली, जवळजवळ फुकट दिलेली. पूर्वींचे प्रयोग बहुधा थोडा काळ पाहून थांबत. यांनीं चार वर्षेंपर्यंत पाठपुरावा केला, आणि त्यामुळेंच खरें चित्र दिसलें. पहिल्या वर्षीं स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासांतील धूर कांहींसा कमी झाला. पुढें तो फरक नाहींसा झाला. फुफ्फुसांच्या शक्तींत सुधारणा नाहीं, मुलांच्या प्रकृतींत नाहीं, सरपणांतहि बचत नाहीं. प्रयोगशाळेंत तीच चूल उत्तम ठरली होती! पण प्रयोगशाळेंत धुराडें साफ करणारा नोकर असतो, लांकूड वाळलेलें व सारखें कापलेलें असतें, आणि दोन्ही तोंडांवर भांडीं ठेवल्यावांचून कोणी चूल पेटवीत नाहीं. घरांत चूल फुटली तर ती लिंपण्यास वेळ कोणाला आहे? हा निबंध चुलींच्या प्रसारकांत बरीच खळबळ उडवून गेला, आणि २०१६ सालीं तो अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

आपल्या जुन्या चुलीकडे गृहिणीच्या दृष्टीनें पाहिलें तर कोड्याचा अर्धा उलगडा येथेंच होतो. तिच्या आरावर ज्वारीची भाकरी टम्म फुगते. तिच्या तोंडांत तुरीची तुऱ्हाटी, कपाशीची पऱ्हाटी, बाभळीचें खोड, गोवरी, कांहींहि घालतां येतें. लहान तुकडे करण्याची गरज नाहीं. लग्नकार्याचें मोठें पातेलें तिच्यावर बसतें. थंडींत म्हातारीं माणसें तिच्याभोंवतीं शेकत बसतात. तिच्या धुरानें डांस पळतात व गवती छपरांतील किडा मरतो असा अनुभव आहे. ती मोडली तर माती व शेण आणून दुपारच्या वेळांत ती पुन्हां घालतां येते आणि कवडीहि खर्च होत नाहीं. आतां जिनें या सर्व कामांपैकीं फक्त एक काम बरें करावें, जिच्यासाठीं पैसे मोजावे लागावे, आणि जी बिघडली तर दुरुस्त करणारा तालुक्याच्या गांवीं शोधावा लागावा, अशी चूल घरांत आणणें हें शहाणपणाचें कीं वेडेपणाचें? दोन्ही बाजू मांडल्या म्हणजे तिच्या निवडींत अडाणीपणापेक्षां हिशेबच अधिक दिसतो.

पण हा हिशेब मांडतें कोण? मुश्फिक मोबारक, ग्रँट मिलर व त्यांचे सहकारी यांनीं बांगलादेशांतील खेड्यांत विचारपूस केली, तेव्हां स्त्रियांना धूर त्रासदायक वाटतो हें उघड झालें. पण तो सर्वांत मोठा धोका आहे असें त्यांना वाटत नव्हतें. वैद्य, शाळा, वीज, पाणी यांना त्यांनीं चुलीच्या आधीं स्थान दिलें. पुढें या संशोधकांनीं दोन तऱ्हेच्या चुली पुढें केल्या: एक धुराडें असलेली म्हणजे प्रकृतीला हितकारक, दुसरी सरपण वांचविणारी म्हणजे पैशाला हितकारक. चूल फुकट असतांना पुरुषांपेक्षां स्त्रिया पहिलीकडे अधिक झुकल्या. परंतु किंचित् किंमत लावतांच हा फरक मावळला. कारण उघड आहे. पैशाची गांठ नवऱ्याच्या कमरेला, आणि धूर बायकोच्या डोळ्यांत. ‘चूल आणि मूल’ हें स्त्रीचें राज्य म्हणून आपल्याकडे मोठ्या डौलानें सांगतात; पण त्या राज्यांतील चूल कोणती असावी हें ठरविण्याचा अधिकार राणीला नाहीं, असाच या प्रयोगाचा अर्थ होतो.

पैशाविषयीं आणखी एक प्रयोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. केन्यांतील नैरोबी शहरांत बहुत लोक कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करतात. तेथें प्रयोगाच्या वेळीं सुधारलेली शेगडी सुमारें ४० डॉलरांना मिळत असे आणि वर्षाकांठीं सुमारें १२० डॉलरांचा कोळसा वांचवीत असे. म्हणजे चार महिन्यांत मूळ किंमत वसूल! असें असून लोक तिला किती मोल देतील? हें विचारणें सोपें, पण खरें उत्तर मिळणें कठीण; कारण घासाघीस करण्याची संवय सर्वांनाच असते. सुझॅना बर्कोवर व जोशुआ डीन या संशोधकांनीं त्यासाठीं एक युक्ति वापरली. बाईनें आपण जास्तींत जास्त किती देऊं तें आधीं सांगावयाचें. नंतर एक झांकलेलें पाकीट उघडावयाचें; त्यांत एक किंमत लिहिलेली असे. ती तिच्या शब्दाहून कमी असेल तर पाकिटांतील किमतीला शेगडी तिची. जास्त असेल तर शेगडी नाहीं. थोडा विचार केल्यास दिसेल कीं, या खेळांत खोटें बोलून कांहींच फायदा होत नाहीं. कमी सांगितलें तर परवडणारी वस्तु हातची जाण्याचा संभव. जास्त सांगितलें तर नको त्या किमतीला घेण्याची पाळी. अशा रीतीनें निघालेलें खरें मोल सरासरीनें केवळ १२ डॉलर भरलें. मग कांहीं जणींस तीच शेगडी हप्त्यांनीं देऊं केली, आणि हें मोल एकदम दुप्पट झालें. बचतीचा हिशेब डोळ्यांपुढें मांडून दाखविल्यानें मात्र फारसा फरक पडला नाहीं. त्यांना हिशेब येत होता. एकरकमी पैसे नव्हते.

युगांडांतील एका प्रयोगांत याच्याहि पुढें जाऊन चूल कांहीं दिवस फुकट वापरावयास दिली व नंतर हप्त्यांनीं पैसे घेतले. नेहमींच्या रोखीच्या विक्रींत शंभरांतील चार-पांच घरें चूल घेत. या रीतीनें चाळीसांहून अधिक घरांनीं घेतली. नवीन वस्तु आपल्या घरांत चालेल कीं नाहीं ही शंका गरिबाला श्रीमंतापेक्षां अधिक सतावते, कारण चुकीची खरेदी त्याला पुन्हां सुधारतां येत नाहीं. वापरून पाहिल्यावर ती शंका फिटते. सोनार दागिना हातीं देऊन पाहूं देतो त्यांतलाच हा प्रकार.

येथें संशोधकांच्या एका अडचणीचा उल्लेख करणें अवश्य आहे. “नवी चूल वापरतां ना?” असें पाहुण्यानें विचारलें, तर “हो, रोजच” असेंच उत्तर येणार, घरीं आलेल्याला दुखवूं नये हा आपला धर्मच आहे. म्हणून अलीकडे चुलीच्या अंगांत गुंडीएवढें एक तापमापक यंत्र बसवितात. चूल केव्हां तापली व केव्हां निवली याची नोंद तें आपोआप ठेवतें. युगांडांत अशा यंत्रांनीं असें दाखविलें कीं, संशोधक घरीं येत असले म्हणजे नवी चूल पुष्कळ अधिक पेटते व जुनी कमी. ते निघून गेले कीं सर्व पूर्वपदावर येतें. शाळातपासनीस येण्याच्या दिवशीं वर्ग किती शांत असतो हें ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांना याचें नवल वाटूं नये.

आतां गॅसविषयीं. अर्धवट सुधारलेल्या चुलीपेक्षां मुळांतच धूर न करणारें इंधन द्यावें हा विचार बळावून भारत सरकारनें १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें उज्ज्वला योजना सुरू केली. जोडणी घरांतील स्त्रीच्या नांवानें द्यावयाची, हें तिचें एक वैशिष्ट्य. बांगलादेशची हकीकत वाचल्यावर त्याचें महत्त्व सहज ध्यानांत येतें. आठ कोटि जोडण्यांचा संकल्प ७ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्या औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, पुरा झाला, आणि पुढें ही संख्या दहा कोटींवर गेली. एवढ्या थोड्या काळांत एवढ्या स्वयंपाकघरांत शिरलेली दुसरी वस्तु सांपडणें कठीण.

तथापि जोडणी म्हणजे वापर नव्हे. कर्नाटकांतील कोप्पळ जिल्ह्यांत अभिषेक कर व त्यांचे सहकारी यांनीं विक्रीच्या वह्याच तपासल्या. वही पाहुण्याची भीड धरीत नाहीं. उज्ज्वलेच्या ग्राहकांनीं पहिल्या वर्षीं सरासरीनें २.३ टाक्या घेतल्या. खेड्यांतील इतर ग्राहकांनीं ४.७. उज्ज्वलेच्या ग्राहकांपैकीं शेंकडा ३५ जणांनीं तर पहिल्या वर्षांत एकहि टाकी पुन्हां भरून घेतली नाहीं. सर्व स्वयंपाक गॅसवर करावयाचा तर १४.२ किलोच्या सुमारें दहा टाक्या वर्षाला लागाव्या. देशभरची सरासरी पुढें तीन-चार टाक्यांच्या घरांत राहिली. याचा अर्थ गॅस व चूल दोन्ही एकाच घरांत नांदूं लागलीं. सकाळचा चहा, पाहुण्यांसाठीं पोहे, तापलेल्या बाळाचें दूध हें गॅसवर. भाकरी, आंघोळीचें पाणी व जनावरांचें आंबोण हें चुलीवर. विद्वान् लोक यास ‘इंधनांची थप्पी’ अशा अर्थाचें नांव देतात. आमच्या आजोळीं सासवासुनांनीं ही वांटणी न बोलतां केली होती, तिला कांहींच नांव नव्हतें.

येथेंहि कारण मुख्यतः पैशाचेंच आहे, पण त्याचा आकार निराळा. चूल एकदां विकत घ्यावयाची, टाकी पुनःपुन्हां. सरपण मात्र बांधावर पडलेलें असतें, आणि तें वेचण्यांत गेलेल्या स्त्रीच्या वेळाची किंमत घरांत कोणी धरीत नाहीं. मजुराच्या हातीं आठवड्याला थोडे थोडे पैसे येतात, आणि टाकीला एकदम शेंकडों रुपये लागतात. सरकारनें एप्रिल २०२० पासून, महामारीच्या काळांत, उज्ज्वलेच्या घरांना तीन टाक्यांपर्यंत फुकट दिल्या. पुढें मे २०२२ मध्यें दर टाकीमागें २०० रुपयांचें व ऑक्टोबर २०२३ मध्यें ३०० रुपयांचें साहाय्य ठरविलें. पांच किलोची लहान टाकी काढली तीहि याच विचारानें. उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यांत केलेल्या पाहणींत एक मानसिक अडसरहि आढळला. गॅस करणारीच्या प्रकृतीला चांगला, हें बहुतेकांस मान्य होतें. पण खाणाऱ्याच्या प्रकृतीला व जिभेला चुलीचें अन्न चांगलें, असेंहि त्यांचें मत होतें. करणारी एक आणि खाणारे पांच. मतमोजणी झाली तर निकाल काय लागेल हें सांगणें नको.

रानांचा प्रश्न यांत कोठें बसतो? एके काळीं असा समज होता कीं, खेड्यांतील चुलींनींच जंगलें खाल्लीं. रॉबर्ट बेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें उष्ण कटिबंधांत तोडल्या जाणाऱ्या जळाऊ लांकडापैकीं २७ ते ३४ टक्के लांकूड पुन्हां उगवण्याच्या मानापेक्षां जास्त तोडलें जातें. म्हणजे दोन-तृतीयांश किंवा त्याहून थोडें अधिक लांकूड निसर्ग भरून काढतो. जो भाग भरून निघत नाहीं तो मुख्यत्वें पूर्व आफ्रिका व दक्षिण आशिया येथील कांहीं पट्ट्यांत एकवटलेला आहे, आणि तेथें मात्र मामला गंभीर आहे. याच हिशेबाच्या आधारें श्रीमंत देशांतील कंपन्या गरीब देशांत चुली वांटून ‘आम्हीं इतका कार्बन वांचविला’ अशीं प्रमाणपत्रें विकतात व विकत घेतात. २०२४ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं अशा प्रमाणपत्रांचा एक नमुना तपासला, तेव्हां प्रत्यक्ष बचतीपेक्षां सुमारें नऊपट बचत दाखविल्याचें आढळलें. त्यांतील एक चूक तीच: चूल दिली म्हणजे ती रोज पेटली आणि जुनी विझली, असें धरून चालणें.

धुराला कुंपण नसतें, हीहि गोष्ट विसरतां कामा नये. हजार घरांच्या गांवांत एका घरानें गॅस घेतला तरी इतर चुलींचा धूर संध्याकाळीं खालीं उतरून त्याच घरांत शिरतो. ग्राहकाला स्वतःच्या पैशाचा पुरा मोबदला मिळत नाहीं, आणि त्याच्या खर्चाचा थोडा लाभ मात्र शेजाऱ्यांस फुकट मिळतो. अशा वस्तु लोक आपण होऊन पुरेशा घेत नाहींत. देवीची लस टोंचून घेण्याच्या काळीं हेंच दिसलें होतें. म्हणून सार्वजनिक खजिन्यानें भार उचलावा हा अर्थशास्त्रज्ञांचा आग्रह मला रास्त वाटतो, आणि त्याला भीक म्हणून हिणवणाऱ्यांचा राग येतो.

प्रामाणिकपणासाठीं एक प्रतिकूल वाटणारा निकालहि दिला पाहिजे. तामिळनाड, ग्वाटेमाला, पेरू व रुआंडा येथील ३,२०० गरोदर स्त्रियांवर सोडतीनेंच एक मोठा प्रयोग झाला. अर्ध्या घरांना गॅसची शेगडी व गॅस दीड वर्ष फुकट घरपोंच दिला. गॅस फुकट म्हटल्यावर जुन्या चुली जवळजवळ बंद पडल्या, ही पहिली शिकवण. त्या स्त्रियांच्या श्वासांतील सूक्ष्म कण चुलीच्या गटांत मध्यमानानें दर घनमीटरला सुमारें ७१ मायक्रोग्रॅम, गॅसच्या गटांत २४. पण २०२२ सालीं निकाल जाहीर झाले तेव्हां बालकांच्या जन्माच्या वजनांत भरंवशाचा फरक दिसला नाहीं. पुढें अर्भकांच्या तीव्र न्यूमोनियांतहि दिसला नाहीं. यावरून धूर निरुपद्रवी आहे असें मात्र ठरत नाहीं. गॅस गरोदरपणाच्या मध्यावर पोंचला होता, २४ हा आंकडाहि पांचाच्या मर्यादेच्या जवळजवळ पांचपट आहे, आणि वीस वर्षें धूर घेतलेल्या फुफ्फुसांचा हिशेब दीड वर्षांत होत नाहीं. तरी पण “गॅस आला, रोग गेला” अशी जाहिरात करणाऱ्यांनीं हा प्रयोग वाचून मग बोलावें.

गणिताची व विज्ञानाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांस सुटींत आजोळीं गेल्यावर हें काम स्वतः करून पाहतां येईल. एक वही घ्या. सात दिवस रोज कोणतें इंधन कोणत्या पदार्थासाठीं पेटलें व किती वेळ पेटलें तें लिहा. सरपणाची मोळी ताणकांट्यावर तोलून पहा. गॅसची टाकी केव्हां आली तें पुस्तिकेवर लिहिलेलें असतें. आजीला, मामीला आणि मामाला मात्र निरनिराळ्या वेळीं विचारा, आणि तिघांचीं उत्तरें निरनिराळ्या रकान्यांत उतरून घ्या.